फडकं मोजून द्यावं

चंदीगडमध्ये गाड्यांच्या देखभालीच्या कामात राहून माझं एक मत पक्कं झालं आहे. वर्कशॉपमधलं फडकं वाया जातं, कारण ते किलोवर येतं. पाना, पकड, जॅक यांची नोंद असते. कुणाकडे काय गेलं ते संध्याकाळी पाहिलं जातं. फडक्यांचं मात्र पोतं येतं. त्यात हात घालायचा, निघेल ते घ्यायचं, दोनदा पुसायचं आणि बाकाखाली टाकायचं. मनीमाजऱ्याच्या मोटर मार्केटातलं छोटं गॅरेज घ्या नाहीतर इंडस्ट्रियल एरियातलं मोठं सर्व्हिस सेंटर, ‘टाकी मार’, म्हणजे फडक्यानं पूस, म्हटलं की नवं फडकं उचललं जातं. कामगार बेफिकीर असतात म्हणून हे घडतं, असं मला वाटत नाही. ज्या वस्तूचा हिशेब मालकच ठेवत नाही, तिची काळजी कामगारानं घ्यावी ही अपेक्षाच चुकीची आहे. फडकं हत्यारांच्या यादीत आलं पाहिजे, मोजून द्यावं, मळकं परत घ्यावं आणि धुऊन पुन्हा वापरावं, एवढंच माझं म्हणणं आहे. पण ते मांडलं की आक्षेप येतात, आणि त्यांतले काही खरोखर वजनदार आहेत.

पहिला आक्षेप असा की ही फडकी मुळातच टाकाऊ आहेत. होजिअरीची कात्रणं आणि जुने कपडे. त्यांना आपण एकदा वापरलं हाच पुनर्वापर झाला, आणखी काय हवं? हे ऐकायला बरोबर वाटतं, पण कात्रणाला दुसरी वाटही असते. इथून दिल्लीच्या दिशेनं महामार्गावरच पानिपत लागतं. तिथे जुने कपडे रंगांप्रमाणे निवडून, पिंजून, पुन्हा सूत काढून त्यांची ब्लँकेटं करण्याचा मोठा धंदा आहे. कोरड्या, स्वच्छ चिंधीला तिथे किंमत आहे. एकदा ऑइल मुरलं की ती वाट बंद. ज्या शहराला रॉक गार्डनचा अभिमान आहे, जिथे नेकचंद यांनी टाकाऊ कपड्यांच्या मोठ्या बाहुल्याही घडवल्या, तिथेही ग्रीसनं माखलेल्या चिंधीची बाहुली होत नाही. शिवाय 2016 च्या धोकादायक कचऱ्याच्या नियमांत दूषित सुती चिंध्यांची स्वतंत्र नोंद आहे. त्या दादूमाजऱ्याच्या कचरा डेपोत जायला नकोत. पंजाबात डेराबस्सीजवळ निंबुआला अशा कचऱ्यासाठी वेगळं केंद्र आहे. तिथे पाठवायची वेळ आली की स्वस्तात घेतलेलं फडकं पोटातल्या तेलासकट तोललं जातं. खरेदीच्या बिलात हा खर्च दिसत नाही, म्हणून फडकं स्वस्त वाटतं.

दुसरा आक्षेप मला सगळ्यांत गंभीर वाटतो. धुतलं म्हणजे तेल नाहीसं झालं असं नाही, ते कापडातून पाण्यात गेलं. औद्योगिक भागाकडून जाणारा सुखना चो हा ओढा पुढे घग्गर नदीला मिळतो. नळाखाली बादली ठेवून, कॉस्टिक टाकून फडकी खळबळायची आणि पाणी गटारात सोडायचं असेल, तर धुऊ नयेत, हे मी बिनशर्त मान्य करतो. त्यापेक्षा ती बंद डब्यात साठवून रीतसर सोपवणं चांगलं. पण धुण्याचा क्रम बदलला तर चित्र बदलतं. साबण तेलाचे बारीक थेंब करून ते पाण्यात मिसळून टाकतो, मग ते वेगळं करणं अवघड होतं. म्हणून साबणाच्या आधी तेल काढायचं: फडकी जाळीवर निथळू द्यायची, पिळायची, साध्या पाण्यात भिजवून वर आलेला तवंग काढायचा, तो जळक्या ऑइलच्या ड्रममध्ये टाकायचा, आणि मगच सोडा व गरम पाणी. हे पाणीही तेल अडवणाऱ्या टाकीतून गेल्याशिवाय बाहेर जाऊ द्यायचं नाही. 1 एप्रिल 2024 पासून वापरलेल्या ऑइलच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी देशात उत्पादकांवर आली आहे, त्यामुळे त्या ड्रमलाही पूर्वीपेक्षा अर्थ आहे. जर्मनीतली मेवा ही कंपनी 1908 पासून आहे आणि कारखान्यांना पुसण्याची फडकी भाड्यानं देते. मळकी गोळा करायची, एका जागी धुवायची, परत द्यायची, हाच तिचा व्यवसाय. तेव्हा ही कल्पना अव्यवहार्य आहे, असं निदान म्हणता येत नाही.

धुतलेल्या फडक्यांत धातूंचे अंश उरतात, असंही एका अभ्यासात दाखवून दिलं गेलं आहे. त्या अभ्यासाला पैसे किम्बर्ली-क्लार्कने, म्हणजे कागदी पुसण्या बनवणाऱ्या कंपनीने दिले होते. पैसे कुणी दिले हे लक्षात ठेवावं, पण तेवढ्यावरून निष्कर्ष खोटा ठरत नाही. त्यातून मी घेतलेला धडा असा की वर्कशॉपचं फडकं कितीही पांढरं निघालं तरी त्यानं तोंड पुसायचं नाही, डबा बांधायचा नाही, आणि ते घरच्या कपड्यांत धुवायचं नाही. लेथचा चुरा, ब्रेकची धूळ आणि बॅटरीचं आम्ल पुसलेली फडकी धुलाईत घ्यायचीच नाहीत. बाकीच्यांना उतरंड लावायची. आपल्याकडे लुगड्याची गोधडी होई आणि गोधडीचं पायपुसणं. तसंच कोरं फडकं काचेला, धुतलेलं इंजिनच्या भागांना, विरलेलं जमिनीवरच्या ऑइलला. पॉलिएस्टर मिसळलेलं कापड मात्र तापलेल्या सायलेन्सरजवळ नको. ते वितळून चिकटतं.

आगीची भीती खरी आहे, पण ती सगळ्या तेलांना सारखी लागू नाही. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेत वाळतं आणि त्या क्रियेत उष्णता सोडतं. ढिगात ती उष्णता अडकते आणि चिंध्या आपोआप पेटतात. 1991 मध्ये फिलाडेल्फियातल्या वन मेरिडियन प्लाझा या उंच इमारतीची आग अशाच चिंध्यांपासून लागली आणि तीन अग्निशामक जवान गेले. इंजिन ऑइल असं आपोआप तापत नाही, मात्र ठिणगी मिळाली की तेही पेटतं. म्हणून जवसाचं तेल असलेल्या लाकडाच्या पॉलिशची चिंधी पसरून वाळवायची किंवा पाण्यात बुडवून ठेवायची, आणि बाकी सगळ्यांना झाकणाचा पत्र्याचा डबा. आगीचा धोका साठवण्यात आहे, आणि फेकण्यासाठी साठवलेला ढीगही तितकाच पेटतो.

उरतो प्रश्न मजुरीचा. दोन पोरं हाताशी असलेल्या गॅरेजवाल्यानं निथळणं, पिळणं, तवंग काढणं हे सगळं करावं, असं मी म्हणणार नाही. त्याच्याकडे जागा नाही, वेळ नाही. पण चंदीगडमध्ये गॅरेजं विखुरलेली नाहीत. आखलेल्या शहराचा हा फायदा आहे: मनीमाजऱ्याला, सेक्टर 48 ला ती ओळीनं एका जागी बसवली आहेत. प्रत्येक मोटर मार्केटला एक सामाईक धुलाईघर आणि तेल अडवणारी एक टाकी पुरेल. प्रशासनानं जागा द्यावी, मार्केटच्या असोसिएशननं ते चालवावं, आणि गॅरेजवाल्यानं सकाळी मोजून फडकी न्यावीत, जितकी मळकी परत आणली तितकीच.