चावला नाही, फक्त चाटले!

जुन्नर-आंबेगावच्या मळ्यांत बिबट्याच्या धास्तीने जवळजवळ प्रत्येक ओट्यावर कुत्रा असतो, आणि दुपारी एकट्या बसलेल्या आजोबांचा सोबतीही तोच. ते सुख हिरावून घेण्याचा माझा मुळीच हेतू नाही. परंतु कुत्र्याने हात चाटणे आणि तोंड चाटणे यांत वैद्यकीयदृष्ट्या फार अंतर आहे.

अखंड त्वचेला लाळ लागली तर ती धुतली की पुरे. मात्र रेबीजचा संशय असलेल्या कुत्र्याची लाळ डोळे, ओठ वा चिरलेल्या त्वचेला लागली, तर जागतिक आरोग्य संघटना तो संपर्क तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर श्रेणीत धरते. जागा १५ मिनिटे धुणे (त्वचा साबणाने, डोळे नुसत्या पाण्याने), लस आणि इम्युनोग्लोब्युलिन, तिन्ही आवश्यक. “चावला नाही हो, चाटले फक्त,” हे वाक्य दवाखान्यात वारंवार कानी पडते. दाढी करताना कापलेली हनुवटी कोणाच्या ध्यानातच नसते!

मेंढपाळांच्या वाड्यांवर आणखी एक धोका असतो. मेंढीचे कच्चे काळीज-फुप्फुस कुत्र्याला घातले, की त्याच्या आतड्यात फीतकृमी वाढू शकतात. त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. कुत्रा स्वतःचे अंग चाटतो आणि मग आपले तोंड. त्यातून माणसाच्या यकृतात पाण्याची गाठ वर्षानुवर्षे मुकाट वाढते. यावर उपाय म्हणजे कच्चे मांस बंद आणि पशुवैद्यांच्या सल्ल्याने जंतनाशक.

प्लीहा काढलेल्यांनी तर लाळेपासून दूरच राहावे. इतरांनी कुत्र्याला खुशाल पायाशी बसवावे, उशीशी नको.