इंजिनाचा पंखा काढू नकोस

काचीगुडा, हैदराबाद

चि. संजय यास,


तुझं पत्र मिळालं. सहा टायरच्या गाडीचा इंजिनावरचा पंखा काढून तिथे बॅटरीवर चालणारे दोन पंखे बसवायचं तुझ्या मनात आहे. इथल्या ऑटोनगरमध्ये कुणी इलेक्ट्रिशियन तुला म्हणाला, "फॅन निकाल दो, डीजल बचता." तो खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. पण तुझी गाडी सोलापुरात माल भरते आणि उमरगा, हुमनाबाद, जहीराबाद करत मे महिन्याच्या उन्हात तीनशे किलोमीटर येते. म्हणून पहिल्यांदा निकाल सांगतो आणि मग कारणं: या गाडीवर हे काम करू नकोस.

डिझेलची जेवढी उष्णता इंजिनात तयार होते, तिचा साधारण तिसरा हिस्सा चाकांपर्यंत पोचतो. तेवढीच सायलेन्सरवाटे जाते, आणि उरलेल्यातली बरीचशी पाण्यात उतरते. तुझं इंजिन १३० हॉर्सपॉवरचं धरलं, तर भरल्या गाडीने चढावर पूर्ण जोर लावला की रेडिएटरला ६०-७० किलोवॉट उष्णता बाहेर टाकावी लागते. घरातला गिझर दोन किलोवॉटचा असतो. तसे तीस गिझर एकदम चालू आहेत असं समज. एवढी उष्णता उचलायला वारा किती लागेल, याचा अंदाज त्यावरून येईल.

तो वारा ओढायला इंजिनावरचा पंखा पूर्ण वेगात असताना इंजिनाच्या ताकदीचा पाच-सात टक्के भाग खातो. आठ हॉर्सपॉवर धर, म्हणजे सहा किलोवॉट. हीच ताकद चोवीस व्होल्टच्या मोटरीतून काढायची तर अडीचशे अँपिअरच्या वर करंट लागेल. तुझ्या गाडीचा डायनामो शंभराचाही नाही. बाजारात मिळणारे ते दोन पंखे मिळून जेमतेम अर्धा किलोवॉट घेतात. चांगल्या पात्याचा पंखा कमी ताकदीत जास्त वारा देतो हे खरं, पण बारा पटीचा फरक पात्याने भरून निघत नाही.

शिवाय वीज काही फुकट येत नाही. इंजिन पट्ट्याने डायनामो फिरवतं, डायनामोत निम्म्याच्या आसपास ताकद उष्णतेत जाते, मग वायरीत, मग मोटरीत. इंजिनाने दिलेल्यातलं निम्म्याहून कमीच पात्यापर्यंत पोचतं. तरीही छोट्या गाडीत बचत होते, कारण तिथे पंखा लागेल तेव्हाच फिरतो. बचतीचं मूळ एवढंच आहे, विजेत नाही. पंख्याचा वेग निम्मा केला की त्याची ताकदीची भूक आठव्या हिश्शावर येते, आणि पळत्या गाडीला समोरून वारा मिळतच असतो, तेव्हा बहुतेक वेळ पंख्याची गरजच नसते.

ही बचत तुला पंखा न काढताही मिळते. पंख्याच्या मधोमध जो गोल डबा दिसतो तो व्हिस्कस क्लच. आत सिलिकॉनचं घट्ट तेल, पुढच्या तोंडावर दोन धातूंची जोडपट्टी. रेडिएटरमधून येणारा वारा गरम लागला की पट्टी वाकते, आतला व्हॉल्व्ह उघडतो, तेल कामाच्या खोबणीत येतं आणि पंखा इंजिनाला धरतो. वारा थंड झाला की तो सोडतो. ना वायर, ना फ्यूज. तुझ्या गाडीला हा क्लच आहे की पंखा थेट बोल्टने आवळलाय, ते आधी बघ. थेट असेल तर तुझ्या मॉडेलला क्लच बसतो का, ते राणीगंजला पार्टच्या दुकानात विचार. पैसे घालायचेच तर तिथे घाल.

क्लच तपासायला उस्ताद लागत नाही. इंजिन बंद, चावी खिशात. थंड असताना पंखा हाताने फिरवला तर थोडा जड फिरला पाहिजे. इंजिन चांगलं तापवून, बंद करून पुन्हा फिरव; आता तो जास्त अडला पाहिजे. गरम असतानाही तो भिरभिर फिरला तर तेल गळलंय. डब्याच्या कडेला तेलकट धुळीची काळी रेघ दिसेल, ती त्याचीच खूण.

गाडी गरम होते असंही तू लिहिलंयस, पण नेमकी कुठे ते पत्रात सांगितलंच नाहीस, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटतं. पाटणचेरूच्या पुढे गर्दीत रखडल्यावर तापमानाचा काटा चढत असेल, तर दोष पंख्याचा, क्लचचा किंवा पंख्याभोवतीच्या तुटक्या काउलचा. मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगाने जाताना काटा चढत असेल, तर वारा भरपूर आहे. रेडिएटर चोंदलाय किंवा पाणी फिरत नाही. मग पंखा कुठलाही लाव, उपयोग शून्य. आधी रॉडिंग, म्हणजे रेडिएटरच्या नळ्या आतून सळईने साफ करून घे आणि जाळीतली धूळ इंजिनाच्या बाजूने पाणी मारून बाहेर काढ. कुणी थर्मोस्टॅट काढून टाकलाय का तेही बघ. गाडी गरम झाली की तो काढून फेकायची आपल्याकडे सवयच आहे. अनेक इंजिनांत तो बायपासची वाट बंद करत असतो. तो काढला की बरंच पाणी रेडिएटरला वळसा घालून तसंच परत फिरतं.

रेडिएटरचं झाकणही नवं घाल. हैदराबाद समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच आहे; उघड्या भांड्यात इथे पाणी ९८ अंशांनाच उकळतं. झाकणाच्या दाबामुळेच ते शंभराच्या वर तग धरतं. रबर कडक झालं की दाब गेला. आणि नुसतं पाणी भरू नकोस, कूलंट घाल.

विजेच्या पंख्याला मी शत्रू मानत नाही. १९८३ साली मारुती ८०० आली, तिचं इंजिन आडवं, पट्ट्याचा पंखा रेडिएटरसमोर येणारच नव्हता. तिथे विजेचा पंखा हेच योग्य उत्तर होतं. अमेरिकेत शहरातल्या बसगाड्यांना, जिथे इंजिन मागे असतं, विजेच्या पंख्यांची अख्खी रांग बसवतात, पण सोबत कित्येकशे अँपिअरचा डायनामोही देतात. २०२५ पासून नव्या मध्यम आणि जड ट्रकांना एसी कॅबिन सक्तीची झाली. ती फार उशिरा झाली असं मला मनापासून वाटतं, कारण चालकाने उन्हाळ्यात इंजिनाशेजारी भाजत बसावं याला काही अर्थ नव्हता. तू एसी बसवलास तर कंडेन्सरपुढे विजेचा पंखा जरूर लाव. गर्दीत तो रेडिएटरलाही मदत करेल.

लावशील तेव्हा एक गोष्ट काटेकोर पाळ. बारा व्होल्टचा स्वस्त पंखा घेऊन तो दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून चालवतात, टेप आणि हॉर्नसारखा. मग एक बॅटरी उपाशी राहते, दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते, आणि वर्षाच्या आत दोन्ही जातात. चोवीस व्होल्टचाच पंखा घे. रिले हवा, जाड वायर हवी, फ्यूज बॅटरीजवळ हवा. पंखा सुरू होताना चालू करंटच्या दुप्पट-तिप्पट ओढतो. बारीक वायर तिथेच वितळते, आणि भरल्या गाडीत आग लागली तर गाडीबरोबर माणूसही जाऊ शकतो.

तुझ्या धाकट्या भावाने घेतलेली नवी गाडी बीएस-६ आहे. तिच्या पंख्याला कुणाला हातही लावू देऊ नकोस. अशा बऱ्याच गाड्यांत क्लच इंजिनाचा कॉम्प्युटरच चालवतो. वायर तोडली की दिवा पेटेल आणि वॉरंटीवर वाद होईल.

तेव्हा आधी झाकण, रॉडिंग, थर्मोस्टॅट, मग क्लच, या क्रमाने जा. गाडी कुठे गरम होते ते मात्र मला लगेच कळव, आणि तोवर त्या इलेक्ट्रिशियनला आगाऊ पैसे देऊ नकोस.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
काका