धबधबा दिसतो, गाव दिसत नाही

पावसाळा लागला की इन्स्टाग्रामवर पुणे जिल्ह्यात वेल्ह्याकडच्या मढे घाटाची रीलं सुरू होतात. काही सेकंदांत कड्यावरून झेपावणारं पाणी, ढग आणि एखादं गाणं, एवढंच. ते बघून शनिवार-रविवारी घाटमाथ्यावरच्या केळद गावाच्या रस्त्याला गाड्यांची रांग लागते. नजर किती खिळली, किती जणांनी पुढे पाठवलं, यावरून रील अनोळखी माणसापर्यंत पोचतं. घाटाची वाट खाली कर्णवडीला, महाडकडे उतरते, हे त्या हिशेबात येत नाही. तानाजी मालुसऱ्यांचा देह याच वाटेनं त्यांच्या गावी, उमरठला नेला, असं इथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. ती आठवण तर फार दूर राहते.

यूट्यूबवर माणूस बहुधा प्रश्न घेऊन येतो. ‘राजगड, पाली की गुंजवणे?’ असं शोधणाऱ्याला पाली दरवाज्याच्या पायऱ्या आणि गुंजवण्याकडून चोर दरवाज्याची उभी चढण, दोन्ही सबंध बघायला मिळतात. फेसबुकच्या भटक्यांच्या गटात त्यापुढची गोष्ट कळते: टाक्यात पाणी आहे का, रात्री मुक्काम करता येतो का. उत्तर देणारा नुकताच गड उतरलेला असतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर तर माणूसच माणसाची शिफारस करतो. आमच्या घरी वेल्ह्याकडचा इंद्रायणी तांदूळ येऊ लागला तो बहिणीच्या सोसायटीच्या गटामुळे. भात झोडून झाला की शेतकरीदादा भाव आणि पोत्यांचा फोटो टाकतात. कुकरचं झाकण उघडलं की वास बाहेरच्या खोलीपर्यंत येतो. पुढच्या चार घरांना त्यांचा नंबर आम्हीच दिला.

गर्दीचा धोकाही दिसला आहे: 2024 मध्ये लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ पर्यटक वाहून गेल्यानंतर पुणे जिल्हा प्रशासनानं पर्यटनस्थळांवर निर्बंध घातले, त्यांत भोर-वेल्हेही होते. जुलै 2025 मध्ये राजगड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. म्हणजे बघणारे आणि येणारे वाढणारच. बंदीचा फलक दर वेळी पुरा पडणार नाही.

म्हणून रील करणाऱ्यांकडे माझं कळकळीचं मागणं आहे. धबधब्याखाली गावाचं नाव लिहा. निसरडा कडा कुठे आहे ते सांगा. गावात कुणी पिठलं-भाकरी करून देत असेल, तर त्यांना विचारून तेही कळवा. बघणाऱ्यांनी गाडी काढण्याआधी वाटेची पूर्ण चित्रफीत बघावी, गावात एक फोन करावा. आपल्या येण्यानं तिथल्या माणसांना बरं वाटलं, तरच ती जागा आपल्याला सापडली असं मी मानते.