पिवळं कुठून आलं

बावीस वर्षं मी दातांच्या कॅपा बनवतोय. त्यातली निदान अठरा वर्षं माझं एकच म्हणणं होतं: शेड बिघडली म्हणजे हात बिघडला. भट्टी म्हणजे डबा. आकडा लावायचा, बटण दाबायचं, चुकणार तो माणूस. मिरजेतल्या आमच्या लॅबमध्ये हे मी शिकाऊ पोरांना इतक्यांदा ऐकवलंय की माझ्यामागे ती माझी नक्कल करायची.

ते मत मी सोडलं. सोडायला वेळ लावला, आणि त्या वेळेची किंमत दुसऱ्याने मोजली.

झालं असं. एका डॉक्टरांच्या पेशंट बाईंना निकेल चालत नव्हतं. खोटी कानातली घातली तरी कानाच्या पाळ्या चिघळायच्या. आमचं रोजचं काम निकेल-क्रोमवर. सोन्याचा भाव विचारण्यात अर्थ नव्हता, म्हणून पॅलेडियम-चांदीचा धातू आणला. 1970च्या दशकात सोनं महागल्यावर दातांच्या कामात रुळलेला हा मिश्रधातू. त्यात साधारण 30 ते 40 टक्के चांदी असते. ब्रिज झाला. हिरडीकडच्या कडेला किंचित पिवळट-हिरवट झाक होती, ती स्टेन लावून दडपली. डॉक्टर खूश. मग त्यांच्याकडून तशीच आणखी सात-आठ कामं आली.

आणि महिन्याभरात आमच्या साध्या निकेल-क्रोमच्या कॅपा पिवळ्या निघायला लागल्या.

सिरॅमिक लावायला तेव्हा एक मुलगा होता. हात चांगला, बोलणं कमी. तो म्हणाला, "सर, फिकट शेडच जातायत. ए1, बी1. ए3.5ला काही होत नाही." या प्रकरणात कामाचं असं हे एकच वाक्य बोललं गेलं, आणि मी त्यावर म्हणालो, "म्हणजे फिकट बाटली उचलतानाच तुझा हात चुकतो होय?" सगळे हसले. दुसऱ्या दिवशी त्याला धातू घासायला बसवलं. ज्याने दाताला एनॅमल चढवायचं, त्याला दिवसभर धुळीत घासणीवर बसवणं ही शिक्षाच असते. मला ते ठाऊक होतं.

स्वतः लावायला बसलो. पिवळंच. पावडर विकणाऱ्याशी भांडलो, नवीन बॅच मागवली. पिवळंच. बाकीची दुखणी मला तोंडपाठ होती. कमी भाजलं की कॅप दुधाळ, खडूसारखी. जास्त भाजलं की काचेसारखी आणि कडा गोलावलेल्या. नीट वाळवण्याआधी भट्टीचं दार लावलं की आतला द्रव जळून काळपट. व्हॅक्यूम कमी पडला की बुडबुड्यांनी धुरकट. धातू झाकणारा ओपेकचा थर पातळ असला तर धातूची करडी छाया. यातलं एकही पिवळं नव्हतं.

उलगडा माझ्या हुशारीने झाला नाही. भट्टीचा व्हॅक्यूम पंप बंद पडला म्हणून चार कॅपा मित्राच्या लॅबमध्ये भाजल्या. पांढऱ्याशुभ्र आल्या. पंप दुरुस्त झाल्यावर मी एकाच वेळी कालवलेल्या पावडरीच्या दोन चकत्या केल्या, धातूशिवाय. एक त्याच्या भट्टीत, एक माझ्या. माझी गवती पिवळी.

मग पावडरीबरोबर येणारा कागद काढला, ज्याची घडीही मी कधी मोडली नव्हती. त्यात चांदीबद्दल सूचना छापलेली होती. भाजताना धातूतली चांदी वाफेने बाहेर पडते, भट्टीच्या आतल्या भिंतींवर बसते आणि पुढच्या प्रत्येक फायरिंगला थोडी थोडी सुटते. पोर्सिलेन म्हणजे शेवटी काचच. काचेतल्या सोडियमच्या जागी चांदी शिरते, तिचे अतिसूक्ष्म कण होतात आणि ते पिवळे दिसतात. युरोपातले कारागीर चर्चच्या खिडक्यांना चौदाव्या शतकापासून हेच वापरून पिवळा रंग देत आले. त्यांनी ते मुद्दाम केलं, मी नकळत. गडद शेडमध्ये हे पिवळं लपतं, ए1वर लपत नाही. मुलाने सांगितलं होतं ते हेच.

रिकाम्या भट्टीत कार्बनचा ठोकळा ठेवून ती पुन्हा पुन्हा तापवली. बरंच सुधारलं, पुरतं नाही. शेवटी मफल, म्हणजे भट्टीचा आतला कप्पाच, बदलला. चांदीच्या धातूसाठी आता दुसरी जुनी भट्टी वेगळी ठेवलीय. आकड्यावरचा विश्वासही तेव्हाच उडाला. शुद्ध चांदी 962 अंशांच्या आसपास वितळते, म्हणून चांदीच्या तारेचा तुकडा ठेवून तपासलं तर आमची भट्टी 20 अंश थंड चालत होती. (तपासल्यावर पुन्हा कार्बन, हे सांगायला नको.) म्हणजे ज्या दुधाळ कॅपांवरून मी वर्षानुवर्षं पोरांना बोललो, त्यातल्या किती त्यांच्या होत्या?

तो मुलगा तोवर लॅब सोडून गेला होता. मी फोन केला, सगळं सांगितलं, माफी मागितली. तो "बरं सर" म्हणाला. परत ये म्हटल्यावर "बघतो" म्हणाला. आला नाही.

लॅबवाल्यांना एवढीच विनंती: शेड बिघडली तर धातूशिवाय एक चकती भाजून बघा. कोणाला काय बोलायचं ते त्यानंतर बोला.