चौथी सीट

आमच्या बदलापूरच्या नावाची एक व्युत्पत्ती येथे लहानथोर सगळेच सांगतात. पूर्वी या वाटेने जाणारे स्वार येथे दमलेले घोडे बदलीत, म्हणून हे बदलापूर! मराठीचा प्राध्यापक असल्यामुळे अशा व्युत्पत्तीवर चटकन विश्वास ठेवणे मला शोभत नाही. पण सकाळी फलाटावर उभे राहिले, की वाटते, घोड्यांचे काहीही असो, माणसे मात्र येथे रोज बदलतात. घरी चहाच्या कपाशी अर्धा तास रेंगाळणारा गृहस्थ गाडीचा दिवा दिसताच पदर खोचलेल्या झाशीच्या राणीसारखा सज्ज होतो.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ३४ किलोमीटर धावून ठाण्याला थांबली. मुंबईकर मध्यमवर्ग मात्र ठाण्याला थांबला नाही. शहरात जागा परवडेना, तसतसा तो रुळांच्या कडेकडेने डोंबिवली, कल्याण, अंबरनाथ असा सरकत राहिला. लग्नानंतर आम्हीही असेच सरकत सरकत ६८ किलोमीटरवर येऊन टेकलो. घर परवडले, आणि त्याची राहिलेली किंमत आम्ही प्रवासात चुकवू लागलो. आमची ही फोर्टातल्या एका कंपनीत हिशेबाचे काम करते. दारापासून दारापर्यंत जायला दोन तास, यायला दोन तास.

बायकांच्या डब्यात मला अर्थातच मज्जाव. तेथले जे काही ठाऊक आहे, ते हिच्या तोंडून. तिघींच्या बाकावर चौथीने टेकायचे, त्या अर्ध्या जागेला म्हणायचे चौथी सीट. तेवढ्या जागेत हिने मेथी निवडली, मटार सोलले, लोकरीचे दोन स्वेटर विणले आणि कुणाकुणाच्या सासवांची गाऱ्हाणी ऐकली. मला तिची फार कीव येई.

मार्च २०२० मध्ये लोकल थांबल्या. जूनमध्ये त्या अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी सुरू झाल्या. पण लशीच्या दोन मात्रा घेतलेल्या सामान्य प्रवाशांना मोकळीक मिळायला १५ ऑगस्ट २०२१ उजाडला. तोवर हिची कचेरी आमच्या जेवणाच्या टेबलावर येऊन बसली होती. पुढे कंपनीने फर्मान काढले, आठवड्यातून दोन दिवस या, तीन दिवस घरून काम करा. मी लगेच हिशेब मांडला. तीन दिवसांचे रोज चार, म्हणजे आठवड्याला बारा तास! “आता तुला वेळच वेळ,” मी म्हणालो. हिशेबातली माणसे अशा वेळी बोलत नाहीत. ही नुसती हसली.

ते बारा तास कोठे गेले, हे मला फार उशिरा कळले. गॅसचा सिलिंडर घेणे, शेजाऱ्यांचे पार्सल ठेवून घेणे, आईच्या डोळ्यांत थेंब घालणे, चिरंजीवांना दुपारी गरम पोळी. ताटे मांडायची झाली, की लॅपटॉप उचलायचा. ‘ती घरीच असते’ हे वाक्य आमच्या घरात केव्हा रुजले, सांगता येणार नाही. नळ दुरुस्त करणाऱ्याला मीच फोनवर म्हणालो होतो, “केव्हाही या हो, घरी आहेत त्या.”

गेल्या वर्षीची गोष्ट. दसऱ्याच्या आधी लोकलचे नेहमीचे प्रवासी डबा सजवतात, तोरणे लावतात, पूजा करतात. त्या दिवशी हिची घरून कामाची पाळी होती. तरी ही पहाटे उठून रेशमी साडी नेसून निघाली.

“अगं, घरी बसून होतंय ना? कशाला चार तास घालवतेस?”

चपला घालता घालता ही म्हणाली, “अहो, दिवसातले तेवढेच चार तास माझे असायचे.”

मी किरकोळ रजेवर होतो. चाळीस उत्तरपत्रिका संपवण्याचा बेत होता. दुपारपर्यंत सहा वेळा बेल वाजली, आईने चार हाका मारल्या आणि अकरा उत्तरपत्रिका झाल्या. अकरावीचे गुण मी दोनदा मोजले आणि दोन्ही वेळा निराळे आले.

संध्याकाळी ही केसांत झेंडूचे फूल आणि हातात पेढ्यांचा पुडा घेऊन आली. चेहरा टवटवीत.

“जागा मिळाली का?”

“चौथी!”

रात्री मला झोप येईना. घरात माणसे चार. आई, मुलगा आणि मी ऐसपैस बसलो होतो, आणि ही इतकी वर्षे कडेला टेकून होती. गाडीत निदान कल्याण किंवा ठाणे आले, की कुणीतरी उठते आणि चौथीला सरकून नीट बसता येते. आमच्यापैकी कुणी उठलेच नव्हते.

पुढच्या रविवारी मी माझी पुस्तके लहान खोलीतून बाहेरच्या भिंतीशी आणली. त्या खोलीत आता हिचे टेबल आहे, आणि दाराला आतून कडी. कंपनीचे दोन दिवस आहेत, तरी ही तीन दिवस जाते. मी कारण विचारत नाही.

हा लेख पुरा करायला बसलो आणि बेल वाजली. आतली कडी लागलेली आहे. उठतो. आज चौथ्या सीटवर मी आहे.