परीटघडी

गाण्यांच्या अल्बमला नाव काय द्यावं याचे काही संकेत असतात. चांदणं, पाऊस, डोळे, आठवणी, अगदीच काही सुचलं नाही तर एखादं फूल. पण कोलंबियाच्या शकिरानं २००१ साली आपला पहिला इंग्रजी अल्बम काढला आणि त्याचं नाव ठेवलं 'लाँड्री सर्व्हिस'. आता बोला! आपल्याकडे एखाद्या भावगीत-गायकानं आपल्या ध्वनिमुद्रिकेला 'येथे कपडे धुऊन व इस्त्री करून मिळतील' असं नाव द्यायचं म्हटलं असतं, तर कंपनीनं आधी माणूस पाठवून त्याच्या तब्येतीची चौकशी केली असती.

पण या बाईंची ही खोड जुनीच. १९९५ च्या अल्बमचं स्पॅनिश नाव होतं 'अनवाणी पाय'. पुढच्या अल्बमची तयारी चालू असताना विमानतळावर तिची बॅग चोरीला गेली, आणि बॅगेत होती नव्या गाण्यांची वही! आपण अशा वेळी पोलिसांत तक्रार नोंदवतो आणि पुढची वीस वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला ती हकिकत सांगतो. तिनं पुन्हा गाणी लिहिली आणि १९९८ साली अल्बमचं नाव ठेवलं 'चोर कुठे आहेत?'. चोरानंतर परीट येणं तसं ओघानंच आलं. तिचं म्हणणं असं, की प्रेम आणि संगीत हे माझे साबण आणि पाणी. त्यात मी स्वच्छ धुऊन निघाले. एका अर्थी परीटघडीच म्हणायची.

खरी धुलाई होती ती भाषेची. तोवर ती स्पॅनिशमध्ये लिहीत आणि गात होती. ग्लोरिया एस्तेफान या बुजुर्ग गायिकेनं तिला इंग्रजीत गाण्याचा आग्रह केला. दुसरी एखादी असती तर तिनं गाणी भाषांतराला टाकली असती. आपण नाही का पॅन्ट इस्त्रीला टाकत? ही मात्र शब्दकोश घेऊन बसली. यमकांचा कोश आणला, व्हिटमन वाचला, लेनर्ड कोहेन वाचला, आणि स्वतः इंग्रजी गाणी लिहू लागली. आमच्या पिढीनं तर्खडकरांच्या भाषांतरमालेपासून इंग्रजीशी जी झटापट केली, ती आठवून मला या मुलीविषयी एकदम आपुलकी वाटू लागली.

माझ्याकडे हा अल्बम दोनदा आला. एक सीडी भाचीनं अमेरिकेहून आणली. पुढे तिची कंपनीच्या कामासाठी मेक्सिकोला बदली झाली, तेव्हा तिनं तिथली आणली. तिच्यावर नाव स्पॅनिश, 'सेर्व्हिसिओ दे लाव्हान्देरिआ'. लाँड्री तीच, पाटी वेगळी.

भाची म्हणाली, "अरे मामा, दोन्हींत गाणी तीच आहेत. उगाच दोन्ही काय लावून बसलास?"

गाणी तीच होती हे खरं. तेराच्या तेरा. नऊ इंग्रजी, चार स्पॅनिश. त्यांतली दोन गाणी तर जुळी, एकेकदा इंग्रजीत आणि एकेकदा स्पॅनिशमध्ये. फरक होता तो पंगतीचा. अमेरिकेच्या सीडीवर पहिल्या पाटावर इंग्रजी मंडळी, आणि 'सुएर्ते' हे स्पॅनिश गाणं बाराव्या पाटावर. दक्षिणेकडच्या सीडीवर 'सुएर्ते' पहिल्या पाटावर, आणि तिचं जुळं भावंड 'व्हेनएव्हर, व्हेअरएव्हर' बाराव्यावर! लग्नात बघा, पाहुणे तेच असतात. पंगतीला आधी कोण बसतो यावरून मांडव कुणाच्या दारात आहे ते कळतं.

तरी रुसवेफुगवे व्हायचे ते झालेच. केस सोनेरी केले, भाषा बदलली, आता ही आपली राहिली नाही, असं माहेरची मंडळी म्हणू लागली. सासरच्या समीक्षकांना तिचं इंग्रजी विचित्र वाटलं. त्या जुळ्या गाण्यात ती, आपला उरोभाग आटोपशीर आहे त्यामुळे कुणी त्याला डोंगर समजण्याचा धोका नाही, याबद्दल समाधान व्यक्त करते. इंग्रजीत अशी उपमा कोण देतं, परक्या भाषेत कच्ची असावी, असं काहींनी ठरवून टाकलं. पण गंमत म्हणजे तीच उपमा, तशीच्या तशी, स्पॅनिश गाण्यातही आहे! म्हणजे इंग्रजी कच्चं नव्हतं. डोकंच मुळी तसं पिकलेलं होतं. त्याच अल्बममध्ये तिचं एक जुनं स्पॅनिश गाणं इंग्रजी होऊन आलं आहे. त्यातल्या अरबी ओळी मात्र जागच्या हलल्या नाहीत. तिच्या वडिलांचं घराणं लेबनॉनचं. धुलाईत तोही रंग गेला नाही.

हे सगळं मी आमच्या ताईला ऐकवलं, कारण ताईला नातवाची काळजी लागून राहिली होती. भाची आता टेक्सासला स्थायिक झाली आहे. नातू सात वर्षांचा. फोनवर आजीशी आधी इंग्रजी, मग आईनं डोळे वटारले की मराठी. "पोरगं हातचं गेलं रे," ताई म्हणायची. "उद्या मी गेले तर रडेलसुद्धा इंग्रजीत."

यावर काय बोलणार? हसण्यावारी न्यावी अशी ती भीती नव्हती. भाषा गेली की माणूस जातं, हे आपण पाहिलेलं आहे.

पण मध्यंतरी त्याच्या शाळेतून चिठ्ठी आली. बाकावरचा सोबती फार बडबड करत होता, तेव्हा हा त्याला ओरडून म्हणाला, "डोन्ट ईट माय हेड!" बाई गोंधळल्या. एक मूल दुसऱ्याचं डोकं खातं आहे, अशी तक्रार त्यांच्या नोकरीत प्रथमच आली असावी. भाचीला शाळेत जाऊन खुलासा द्यावा लागला. ताईला हे कळलं तेव्हा ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते बराच वेळ थांबलं नाही.

पूर्वी परीट कॉलरच्या आत काळ्या शाईनं एक बारीक खूण घालायचा. कपडा कुणाच्या घरचा ते त्यावरून कळायचं. भट्टी लागो, नीळ लागो, खळ घालून कडक इस्त्री होवो. शर्टाचा रंग विटला तरी खूण जात नसे. बाहेरून दिसायची नाही एवढंच. कॉलर उलटून पाहावी लागायची.