लवकर विझणारा स्वर

महागड्या गिटारची पारख करणारा वादक प्रथम एखादा स्वर छेडतो आणि तो किती काळ टिकतो, हे कान देऊन ऐकतो. स्वर जितका दीर्घायू, तितके वाद्य श्रेष्ठ, हा समज विक्रेत्यांइतकाच वादकांमध्येही रूढ आहे. ब्लूज वाजवणाऱ्याला मात्र ही कसोटी फसवते.

मिसिसिपीतील कापसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या हाती जी वाद्ये आली, ती हलक्या किमतीची होती. न्यू जर्सीतील ऑस्कर श्मिट कंपनीच्या ‘स्टेला’ गिटारी त्यांपैकीच. लेडबेलीची बारा तारांची गिटारही स्टेलाच. या गिटारींच्या वरच्या फळीखाली आधाराच्या पट्ट्या शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे आडव्या बसवलेल्या असत. मार्टिनच्या उंची गिटारींत त्या फुलीसारख्या छेदतात; त्यामुळे खर्ज भरदार होतो आणि नाद रेंगाळतो. शिडीच्या रचनेत स्वर चटकन उसळतो, थोडा खरखरतो आणि विझतो.

हे विझणेच ब्लूजला मानवते. येथे अंगठा खर्जाच्या तारांवर अखंड ठेका धरतो आणि उरलेली बोटे वरच्या तारांवर गाणे बोलतात. खर्ज रेंगाळला, की बोलणे बुडते. शिवाय गायक ओळ अर्ध्यावर सोडतो आणि उरलेल्या जागेत गिटार त्याला उत्तर देते. मागचाच नाद त्या जागेत ठाण मांडून बसला असेल, तर उत्तराला अवकाश कोठला? रॉबर्ट जॉन्सनने 1936 मध्ये सॅन अँटोनियोत आणि 1937 मध्ये डॅलसमध्ये मिळून 29 गाणी ध्वनिमुद्रित केली. एकट्या माणसाच्या त्या वादनात दोघांचा संवाद ऐकू येतो, तो या अवकाशामुळे. त्याच्या प्रसिद्ध छायाचित्रात त्याच्या हाती गिब्सनची लहान अंगाची ‘एल-1’ दिसते. पुढे त्याच कंपनीने त्याच्या नावाची गिटार विक्रीस काढली. 1938 मध्ये, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी निवर्तलेल्या त्या फिरत्या गायकाला हा सन्मान थोडा विनोदीच वाटला असता!

याचा अर्थ दारिद्र्याचे गुणगान करावे, असा नव्हे. जुन्या स्वस्त गिटारींच्या दांड्या वाकत, वरच्या पडद्यांवर स्वर बेसूर होत. आज काही कारागीर जाणीवपूर्वक शिडीच्याच पट्ट्या घालून उत्तम गिटारी घडवतात. तेथे पैसा मोजायचा तो सरळ दांडीसाठी आणि अचूक बसवलेल्या पडद्यांसाठी. ब्राझीलच्या रोझवुडची किंमत 1992 च्या आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीनंतर आणखी वाढली. ब्लूजच्या कानाला मात्र त्या दुर्मीळतेचे फारसे कौतुक नाही.

जाणता वादक म्हणून दुकानात वेगळीच परीक्षा घेतो. तळहाताची कड घोडीवर टेकवून तो खर्ज ठोकतो. मग कोमल आणि शुद्ध गंधारांच्या मधला, ब्लूजचा तो हळवा स्वर तार किंचित ओढून काढतो. आधी हलक्या हाताने, मग जोरात. जोर वाढताच वाद्याचा आवाज फाटतो का, हे पाहतो. शेवटी काचेची नळी करंगळीत चढवून तारेवरून एकदा सरकवतो आणि थांबतो. त्या थांबण्यातही गिटार गुंजतच राहिली, तर मुकाट्याने ती विक्रेत्याच्या हाती परत देतो.